वीर बाबुराव शेडमाके : चांद्याच्या जंगलातील युद्ध आणि न झालेला संवाद

चंद्रपूर येथील कारागृहाच्या आवारात एक पिंपळाचे झाड आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आदिवासी बंधुभगिनी गावोगावहून येतात आणि या झाडापुढे नतमस्तक होतात. सन १८५८ मध्ये याच दिवशी, याच ठिकाणी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांना फाशी देण्यात आली. त्यांचे नाव आज चौकांना व सभागृहांना दिले गेले आहे. १२ मार्च २००९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीटही काढले. तथापि, त्यांच्या जीवनाची संपूर्ण हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

युद्ध, तह, वाटाघाटी असे शब्द कानी पडले की आपल्या डोळ्यांसमोर मोठमोठ्या राजधान्या उभ्या राहतात. मोठ्या मेजाभोवती बसलेले मुत्सद्दी, समोर पसरलेले नकाशे, सह्या झालेले कागद असे ते चित्र असते. परंतु त्या मेजावर ज्यांच्या भूमीचा निर्णय होतो, ती माणसे तेथे क्वचितच हजर असतात. बाबुरावांचे जीवन हे अशाच एका गैरहजर राहिलेल्या जनसमूहाचे जीवन होय. म्हणूनच त्यांच्या शौर्याबरोबर त्यांच्या भोवतीच्या राजकारणाचीही ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्हांला वाटले.

जन्म आणि बालपण

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी परिसरातील किष्टापूर या गावी झाला. त्यांचे वडील पुलेश्वरबापू हे मोलमपल्लीचे जमीनदार होते. आई जुरजाकुंवर. घराणे राजगोंडांचे. घोटुलाच्या परंपरेत त्यांनी गाणी, नृत्ये आणि काठी, गोफण, धनुष्यबाण, तलवार चालविण्याचे शिक्षण घेतले, असे सांगितले जाते. पुढे वडिलांनी त्यांना इंग्रजी शिक्षणासाठी रायपूर येथे पाठविले. दळणवळणाची साधने नसलेल्या त्या काळात घनदाट अरण्यातून मुलाला इतक्या दूर शाळेत धाडणारा पिता दूरदृष्टीचा असला पाहिजे. ज्यांचे राज्य येऊ घातले आहे त्यांची भाषा आपल्या मुलाला यावी, असे त्याला वाटले असावे. शिक्षणानंतर बाबुराव मोलमपल्लीस परतले. चेन्नूरच्या बाजूच्या राजकुंवर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चेन्नूर हे प्राणहितेच्या पलीकडे, निजामाच्या राज्यात होते. नदीच्या दोन्ही तीरांवर सोयरीक असलेल्या या लोकांना राज्याची सीमा ही परक्यांनी आखलेली रेघ वाटत असल्यास नवल नव्हते.

या भागातील जमीनदार म्हणजे मैदानी प्रदेशातील सावकारी जमीनदार नव्हेत. गोंड राजांच्या काळापासून हे लोक आपापल्या अरण्यप्रदेशाचे वंशपरंपरागत प्रमुख होते. वरच्या सत्तेला ते टाकोळी नावाचा हलका वार्षिक कर भरत. गावचे तंटे, जंगलाचा वापर, रस्त्यांचे रक्षण या बाबी त्यांच्याच हाती राहत. वरची सत्ता बदलली तरी अरण्यातील रीत बहुधा तशीच चालू राही.

दूर ठरलेली धोरणे

वरची सत्ता या प्रदेशात अनेकदा बदलली. बल्लारपूर आणि चांदा येथे शतकानुशतके नांदलेले गोंडांचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या ताब्यात गेले. मे १८१८ मध्ये, इंग्रज-मराठे यांच्यातील तिसऱ्या युद्धात, चांद्याचा किल्ला इंग्रजांनी जिंकला. पुढे काही वर्षांनी प्रदेशाचा कारभार पुन्हा भोसल्यांकडे सोपविण्यात आला. मात्र ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी दत्तकाचा हक्क नाकारला आणि १८५४ मध्ये नागपूरचे संपूर्ण राज्य खालसा केले.

खालसा धोरणाविषयी आपण शालेय पुस्तकांत वाचतो, तेव्हा सातारा, झाशी, नागपूर ही नावे येतात. राजवाड्यातील हत्तीघोड्यांचा लिलाव, राण्यांचा अपमान या गोष्टी येतात. परंतु एका राज्याबरोबर त्या राज्याच्या टोकाला असलेले अरण्यही खालसा झाले, याची नोंद फारशी कोणी घेत नाही. कलकत्त्यात बसून ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांनी वैनगंगा आणि प्राणहिता कधी पाहिल्या नव्हत्या. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या एकाही माणसाशी त्यांनी चर्चा केलेली नव्हती. चांदा हा इंग्रजी जिल्हा झाला आणि तेथे डेप्युटी कमिशनर बसला. महसूल, न्याय, पोलीस अशा सर्व बाबतींत नव्या सरकारचा हात हळूहळू अरण्यात शिरू लागला. जमीनदारांना आपले स्थान डळमळीत झाल्याचे जाणवू लागले.

उठाव

मे १८५७ मध्ये मेरठ येथे उठाव झाला आणि त्याचे लोण उत्तर हिंदुस्थानात पसरले. जूनमध्ये नागपूरच्या टाकळी येथील घोडदळातही कट शिजला, पण तो फसला. भोसले घराण्यातील वृद्ध राणी बांकाबाई यांनी आपल्या लोकांना शांत राहण्याचा सल्ला दिला आणि इंग्रजांची बाजू घेतली. दक्षिणेला हैदराबादेत १७ जुलै १८५७ रोजी इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला झाला. परंतु निजाम आणि त्याचे दिवाण सालारजंग इंग्रजांच्याच बाजूने उभे राहिले. अशा प्रकारे चांद्याच्या उत्तरेचा आणि दक्षिणेचा, दोन्ही दरबार इंग्रजांना अनुकूल ठरले. नकाशा पाहिला म्हणजे बाबुरावांची स्थिती किती एकाकी होती हे ध्यानी येते.

या एकाकी स्थितीतही बाबुरावांनी तरुणांची एक फौज उभारली. आदिवासी समाजात ती जंगोम सेना या नावाने स्मरली जाते. तीत गोंड होते, माडिया होते. त्याचबरोबर रोहिलेही होते. पठाण वंशाचे हे शिपाई त्या काळी निजामाच्या व नागपूरच्या मुलखात चाकरीच्या शोधात फिरत असत. मार्च १८५८ मध्ये या फौजेने राजगड परगण्यावर चाल करून तो ताब्यात घेतला. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी तिच्यावर सैन्य पाठविले. १३ मार्च रोजी नांदगाव-घोसरी येथे लढाई झाली आणि तीत बाबुरावांची सरशी झाली. या यशानंतर आडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव हेही त्यांना येऊन मिळाले. मूल भागातील गढीसुर्ला येथील टेकडीवर त्यांनी तळ ठोकला आणि मार्च व एप्रिल महिन्यांत इंग्रज फौजेशी अनेक चकमकी केल्या. झाडाझुडपांची, ओढ्यांची आणि टेकड्यांची खडान्‌खडा माहिती हे त्यांचे सर्वांत मोठे शस्त्र होते.

परंतु काळ प्रतिकूल होता. दिल्ली सप्टेंबर १८५७ मध्येच पडली होती. ज्या मार्च महिन्यात बाबुरावांनी राजगड घेतले, त्याच महिन्यात लखनौ पुन्हा इंग्रजांच्या हाती गेले. एप्रिलच्या आरंभी झाशीही गेली. उत्तरेतील मोठी युद्धे संपत आली असताना चांद्याच्या अरण्यातील युद्ध पेटत होते. नानासाहेब, तात्या टोपे किंवा राणी लक्ष्मीबाई यांच्याशी बाबुरावांची भेट कधी झाली नाही. मैत्रीचे करार करावेत असा एकही समर्थ शेजारी त्यांच्याभोवती उरला नव्हता. शौर्य होते, भूमी ओळखीची होती, परंतु आघाडी नव्हती. युद्धशास्त्राचे अभ्यासक ज्याला धोरणात्मक एकाकीपण म्हणतील, ते हेच.

प्राणहितेच्या तीरावरील रात्र

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहिता नदीच्या काठी चुंचगुंडी येथे एक घटना घडली आणि या युद्धाला निर्णायक वळण लागले. तार खात्यातील गार्टलँड, हॉल आणि पीटर या तीन कर्मचाऱ्यांचा तेथे तळ होता. बाबुराव व व्यंकटराव यांच्या लोकांनी तळावर हल्ला केला. गार्टलँड व हॉल ठार झाले. पीटर निसटले आणि त्यांनी क्रिक्टन यांना गाठून सारी हकीकत कळविली.

तारेची तेव्हा नवलाई होती. हिंदुस्थानात ती सुरू होऊन जेमतेम काही वर्षे झाली होती. पण १८५७ च्या धामधुमीत तिचे महत्त्व इंग्रजांना पुरते उमगले होते. एका छावणीतील बंडाची वार्ता दुसऱ्या छावणीस घोडेस्वारापूर्वी पोहोचत असे आणि सैन्य सावध होत असे. अरण्यातून धावणारी ती तार म्हणजे राज्यसत्तेची मज्जातंतूच होती. म्हणून तार खात्याच्या तळावरील हल्ला इंग्रजांच्या दृष्टीने केवळ लुटालूट नव्हती.

तरीही येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. मारले गेलेले ते दोघे तार खात्यातील नोकर होते. त्यांनी हे राज्य खालसा केले नव्हते आणि त्यांचीही घरे होतीच. वीराचे चरित्र सांगताना त्याच्या विरुद्ध बाजूला पडलेल्यांची नावे गाळावीत, असे आम्हांला वाटत नाही. ज्यांनी धोरण आखले ते कलकत्त्यात सुरक्षित राहिले. मेले ते गार्टलँड आणि हॉल, मेले ते नांदगाव-घोसरीच्या रानात पडलेले दोन्ही बाजूंचे शिपाई. युद्धाची ही रीत तेव्हापासून आजवर बदललेली नाही.

अहेरीची जमीनदारीण

या घटनेनंतर क्रिक्टन यांनी ओळखले, की या अरण्यात केवळ बंदुकीच्या बळावर बाबुराव हाती लागणार नाहीत. त्यांनी दुसरा मार्ग निवडला. अहेरीची जमीनदारी ही या भागातील सर्वांत मोठी. तिच्या प्रमुख लक्ष्मीबाई होत्या. बाबुरावांना पकडून द्यावे, असा दबाव क्रिक्टन यांनी त्यांच्यावर आणला. न दिल्यास जमीनदारी गमावण्याचे भय होते, दिल्यास बक्षिसाची आशा होती.

लक्ष्मीबाईंच्या नावावर लोकांच्या मनात आजही राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. तथापि, त्यांच्यापुढील पेच आपण नीट पाहिला पाहिजे. नागपूरच्या राणीने इंग्रजांशी जुळवून घेतले होते. निजामाने जुळवून घेतले होते. शेकडो तोफा आणि हजारो शिपाई असलेल्या दरबारांनी जे धैर्य दाखविले नाही, ते अरण्यातील एका जमीनदारिणीने दाखवावे, अशी अपेक्षा इतिहास करतो. साम्राज्याची मुत्सद्देगिरी बहुधा अशीच चालते. ती माणसांना भय आणि लाभ यांच्या मधोमध उभे करते आणि भावाला भावाविरुद्ध वापरून घेते. या फोडाफोडीत जो सापडतो तो दोषी ठरतोच. पण पेच टाकणारा हात मात्र विस्मरणात जातो.

उन्हाळ्यानंतर बाबुराव इंद्रावतीच्या बाजूस, बस्तर संस्थानातील भोपालपट्टणमकडे गेले. तेथे रोहिल्यांनी त्यांना एकदा पकडले, पण ते निसटले. ज्या रोहिल्यांच्या साथीने त्यांनी लढा आरंभिला होता, त्यांच्यापैकीच काही आता बक्षिसासाठी त्यांच्या मागावर होते. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना धरले आणि इंग्रजांच्या स्वाधीन केले.

अकरा दिवस

चांद्यात त्यांच्यावर खटला चालला. सरकारविरुद्ध बंड आणि तार कर्मचाऱ्यांच्या हत्या हे आरोप होते. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आली. लोकस्मृतीत मात्र बाबुराव इतक्या सहजी मेले नाहीत. फाशीचा दोर पुनःपुन्हा तुटला, अशी कथा आजही सांगितली जाते. समाज आपल्या लाडक्या पुत्राचा मृत्यू सहजासहजी मान्य करीत नाही, एवढाच या कथेचा अर्थ आपण घ्यावा.

या तारखेच्या मागेपुढे काय घडत होते, ते पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १८५८ मध्ये ब्रिटिश संसदेने ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपविणारा कायदा केला होता. ज्या कंपनीच्या राज्याविरुद्ध बाबुराव लढले, तिची सत्ता कागदोपत्री संपलेली असतानाच त्यांच्यावर खटला चालला. फाशीनंतर दहा दिवसांच्या आसपास तात्या टोपे यांनी नर्मदा ओलांडली आणि ते दक्षिणेकडे वळले. बाबुरावांच्या हयातीत जी मदत चांद्याच्या दिशेने कधी आली नाही, ती त्यांच्या मृत्यूनंतर नर्मदेच्या अलीकडे आली. आणि तीही फार पुढे सरकू शकली नाही.

फाशीनंतर बरोबर अकराव्या दिवशी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, अलाहाबाद येथे लॉर्ड कॅनिंग यांनी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचून दाखविला. नवे प्रदेश जोडण्याची इच्छा नाही, संस्थानिकांशी झालेले करार पाळले जातील, प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप होणार नाही, अशी आश्वासने त्यात होती. शस्त्रे खाली ठेवून घरी परतणाऱ्या बंडखोरांना माफीही देऊ केलेली होती. ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांना मात्र त्या माफीतून वगळले होते. त्यामुळे तो जाहीरनामा अकरा दिवस आधी आला असता, तरी चुंचगुंडीच्या घटनेमुळे बाबुरावांना त्याचा लाभ मिळालाच असता, असे आपल्याला म्हणता येत नाही. परंतु दुसरा एक प्रश्न शिल्लक राहतो. जे शहाणपण राज्यकर्त्यांना १८५८ च्या नोव्हेंबरात सुचले, ते १८५४ मध्ये सुचले असते तर? राज्य खालसा करण्यापूर्वी त्या भूमीतील माणसांना बोलावून त्यांचे ऐकून घेतले असते तर? प्राणहितेच्या तीरावरील ती रात्र कदाचित उगवलीच नसती.

व्यंकटराव बस्तरात गेले. एप्रिल १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले आणि त्यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जप्त झालेली आडपल्ली व घोटची जमीनदारी, एकूण ६७ गावे, लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. निजामालाही बक्षीस मिळाले. १८६० च्या तहाने त्याचे कर्ज माफ झाले आणि काही जिल्हे परत मिळाले; त्या बदल्यात गोदावरी व प्राणहितेच्या डाव्या तीरावरील सिरोंचाचा प्रदेश इंग्रजांकडे आला. पुन्हा एकदा कागदावर सही झाली आणि अरण्याचा एक भाग या सत्तेकडून त्या सत्तेकडे गेला. तेथील माडियांना आणि गोंडांना याही वेळी कोणी विचारले नाही.

आजच्यासाठी बोध

बाबुरावांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच दशकात या अरण्यात पुन्हा बंदुका आल्या. माओवादी आणि पोलीस यांच्यातील संघर्षात शेकडो माणसे मरण पावली. त्यांत पोलीस होते, माओवादी होते आणि दोघांच्याही संशयाला बळी पडलेले साधे गावकरीही होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत माओवादी संघटनेच्या एका ज्येष्ठ नेत्याने अनेक सहकाऱ्यांसह शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा या भागातील लोकांनी सुटकेचा श्वास घेतला असेल. परंतु शस्त्रे खाली ठेवणे म्हणजे शांतीची सुरुवात होय, पूर्ती नव्हे.

पूर्तीची वाट कोणती, याचे उत्तरही याच भूमीत सापडते. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ मध्ये झाला आणि वनहक्क कायदा २००६ मध्ये. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने आपल्या ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची पद्धत अंगीकारली आणि २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला. देशात असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गावांपैकी ते एक होते. जे मेज बाबुरावांना कधी लाभले नाही, ते मेंढ्याच्या लोकांनी जमिनीवर बसून स्वतःच तयार केले. तेथे सगळे बोलतात आणि एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बोलतात. वेळ लागतो, पण रक्त सांडत नाही.

वाचकबंधुभगिनींनो, आपण चंद्रपूरला गेलो तर त्या पिंपळाची आठवण ठेवू या. बाबुरावांच्या धैर्यापुढे आपले मस्तक आपोआप नमते. त्याच वेळी आपण स्वतःला एक प्रश्नही विचारू या. आपल्या कुटुंबात, गावात, संस्थेत आपण जे निर्णय घेतो, ते ज्यांच्याविषयी असतात त्यांना आपण आधी बोलावतो काय? धाकट्याचे, गरिबाचे, आपली भाषा न बोलणाऱ्याचे ऐकून घेतो काय? पंचवीस वर्षांच्या एका तरुणाचे आयुष्य ज्या प्रश्नाच्या उत्तराअभावी त्या पिंपळाखाली संपले, तो प्रश्न हाच होता.